पोरीचं ऑपरेशन आणि सहीसाठी आलेला दुसरा फॉर्म

प्रश्न: ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातली. मुलगी पाच वर्षांची आहे. दीड-दोन वर्षांपासून तिचं अधूनमधून पोट दुखायचं, उलट्या व्हायच्या, चार दिवसांत थांबायचं. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. दिवाळीनंतर डोळे पिवळे दिसले म्हणून सोनोग्राफी केली, मग नाशिकला एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय. 'कोलेडोकल सिस्ट, टाइप वन' असं निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पित्ताच्या नळीचा फुगलेला भाग आणि पित्ताशय काढावं लागेल, ठेवलं तर पुढे कॅन्सरची भीती असते. तो शब्द ऐकल्यापासून झोप उडालीय. आता औषधांनी तिचं दुखणं थांबलंय, खेळते, जेवते. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांचं म्हणणं असं की दुखत नाही तर पोट कशाला फाडायचं, पोरीची जात, व्रण राहील. ओळखीतले एक डॉक्टर म्हणाले, काढायचं कशाला, नळीच्या त्या फुगलेल्या पिशवीला आतडं जोडून वाट करून द्या, छोटं काम आहे. त्यात हॉस्पिटलने दोन फॉर्म दिले. एक ऑपरेशनचा. दुसरा, काढलेला तुकडा आणि थोडं पित्त संशोधनासाठी लॅबमध्ये ठेवण्याचा. तो पाहून आबा भडकलेच, "आपल्या पोरीवर प्रयोग करतायत." जाऊबाई म्हणतात, मी गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं. काय करू?

उत्तर:

नमस्कार. आधी ते दोन कागद वेगवेगळे ठेवा, अगदी वेगळ्या पिशवीत ठेवले तरी चालेल. ऑपरेशनचा फॉर्म मुलीच्या उपचाराचा आहे. त्याबद्दल माझं मत स्वच्छ आहे: सही करा आणि फार लांबवू नका. दुसरा फॉर्म संशोधनाचा. तिथे तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पोरीच्या ऑपरेशनात, तारखेत, बिलात तसूभरही फरक पडता कामा नये. आबांचं झालंय असं की दुसऱ्या कागदाचा राग त्यांनी पहिल्यावर काढलाय.

मी सर्जन नाही, हे आधीच सांगते. नोकरीभर पॅथॉलॉजी विभागात होते. ऑपरेशनमध्ये जे काढतात ते आमच्या टेबलावर यायचं. तेव्हा ऑपरेशन नेमकं कसं होईल हे तुमच्या सर्जननाच विचारायचं. पण ही पिशवी उघडल्यावर आतून कशी दिसते आणि ती का काढतात, हे मला सांगता येईल.

यकृतात तयार झालेलं पित्त एका नळीतून लहान आतड्यात उतरतं. स्वादुपिंडाचा पाचक रसही दुसऱ्या नळीने तिथेच येतो. दोन्ही नळ्या आतड्याच्या अगदी भिंतीत येऊन मिळतात आणि तिथे एक झडपेसारखा स्नायू असतो, तो उघडझाप सांभाळतो. या आजाराच्या बऱ्याच मुलांमध्ये जन्मापासूनच त्या नळ्या भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच एकत्र झालेल्या असतात. तुम्ही शेतीतल्या, म्हणून सांगते: दोन पाट वाफ्याच्या दाराआधीच एक झाले तर दार लावलं की एकाचं पाणी दुसऱ्यात चढणारच. तसा स्वादुपिंडाचा रस पित्ताच्या नळीत उलटा चढतो. तो रस अन्न पचवण्यासाठी असतो, नळीचं अस्तर त्याला सोसत नाही. ते सुजतं, भिंत कमजोर होते, नळी फुगते. बॅबिट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हा विचार १९६९ साली मांडला. प्रत्येक मुलात तो लागू पडतोच असं नाही, पण ऑपरेशनच्या वेळी पिशवीतलं पित्त लॅबला पाठवलं की त्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य, पुष्कळदा हजारोंच्या घरात सापडतं. साध्या पित्तात ते जवळपास नसतंच.

आता आबांच्या "दुखत नाही"चं उत्तर यातच आहे. त्या नळीत मधूनमधून चिकट साका धरतो, वाट तुंबते, मग पोट दुखतं, उलट्या होतात, कधी डोळे पिवळे होतात. साका सुटला की सगळं शांत. म्हणून दर वेळी चार दिवसांत बरं वाटायचं आणि जंताच्या औषधाला श्रेय मिळायचं. पिशवी मात्र होती तिथेच आहे, रस रोज तिच्यात चढतोच आहे. पोटदुखी, कावीळ आणि पोटात हाताला लागणारा गोळा अशी तीन लक्षणं पुस्तकात दिलेली असतात, पण तिन्ही एकत्र फार थोड्या मुलांत दिसतात. त्यामुळे निदानाला उशीर झाला यात तुमचा हलगर्जीपणा नाही.

'टाइप वन' बघून घाबरलात का? ती त्यातल्या त्यात बरी बातमी आहे. तोदानी या जपानी सर्जननी १९७७ मध्ये या आजाराचे जे पाच प्रकार केले तेच आजही वापरतात. पहिला प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. त्यात फुगवटा यकृताच्या बाहेरच्या नळीत असतो, म्हणजे तो पुरता काढता येतो. हा आजार मुलग्यांपेक्षा मुलींत तिपटी-चौपटीने जास्त दिसतो, आणि युरोप-अमेरिकेपेक्षा आशियात, त्यातही जपानमध्ये, कितीतरी अधिक. त्यामुळे याबद्दलचं बरंचसं ज्ञान जपानी सर्जन आणि तिथल्या लॅबमधून आलं आहे.

ओळखीतल्या डॉक्टरांनी सुचवलेल्या 'छोट्या कामा'बद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तुमच्या सगळ्या गोंधळाचा उलगडा तिथे होतो. ते जे म्हणतात ते एके काळी खरोखरच करत असत. पिशवी जागेवर ठेवायची, तिला भोक पाडून आतडं जोडायचं, पित्ताला वाट मोकळी. ऑपरेशन लवकर उरकायचं, मूल आठवड्यात खेळायला लागायचं, कावीळ जायची. त्या काळच्या सर्जनना वाटलं, जिंकलो. मग ती मुलं मोठी झाली. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी थंडी वाजून ताप घेऊन परत येऊ लागली. कुणाच्या नळीत खडे, कुणाचा जोड आवळलेला. आणि काही जणांत, ऐन तिशी-चाळिशीत, त्याच ठेवलेल्या पिशवीच्या अस्तरात कॅन्सर. पित्ताला खालची वाट मिळाली होती, पण अस्तर तेच राहिलं होतं, आणि त्यात आता आतड्यातलंही येऊन पडत होतं. हे अनुभव एकेक करून नोंदवले गेले, तुकडे तपासले गेले, ठिकठिकाणच्या सर्जननी आपापले रुग्ण मोजले, आणि हळूहळू ते ऑपरेशन मागे पडलं. आज जगभर रीत एकच आहे: फुगलेली नळी पित्ताशयासकट काढायची आणि यकृतातून येणाऱ्या नळीच्या तोंडाला आतडं जोडायचं. पूर्वी असं 'छोटं काम' झालेल्या मोठ्या माणसांचीही पिशवी आता पुन्हा पोट उघडून काढावी लागते, आणि ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच अवघड जातं. अपवाद एक. मूल फार आजारी असेल, नळीत पू झाला असेल, तर आधी तात्पुरती नळी घालून पित्त बाहेर काढतात आणि प्रकृती सुधारली की पिशवी काढतात. तुमची मुलगी खेळतेय, जेवतेय; तिला त्याची गरज दिसत नाही. तेव्हा ओळखीतल्या डॉक्टरांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

कॅन्सरचा शब्द. तो डॉक्टरांनी लपवला नाही हे बरं केलं, पण सोबत मापही सांगायला हवं होतं. तुमच्या मुलीला कॅन्सर झालेला नाही. पहिल्या दहा वर्षांच्या वयात या पिशवीत कॅन्सर सापडणं अगदी दुर्मीळ, टक्क्याच्याही आत. पिशवी तशीच राहिली तर मात्र वयाबरोबर धोका चढत जातो आणि मोठ्या माणसांत तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. पाचव्या वर्षी काढायची ती याचसाठी. काढल्यावर धोका खूप खाली येतो, पण शून्य होत नाही, कारण वर यकृताकडे आणि खाली स्वादुपिंडाकडे नळीचा थोडा भाग राहतोच. म्हणून वर्षातून एकदा दाखवायला जायचं, आयुष्यभर.

आता दुसरा फॉर्म. तुम्ही सही केली नाही तरी ती पिशवी लॅबमध्ये जाणारच आहे, हे आबांना बहुधा कुणी सांगितलेलं नाही. ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रव, भरलेला डबा येतो, वर नाव आणि नंबर. आम्ही पिशवी कात्रीने उभी उघडतो. बाहेरून गुळगुळीत, आतून पित्ताने हिरवट-पिवळी रंगलेली, भिंत जाड आणि चिवट. निरोगी पित्तनलिकेसारखी पातळ अजिबात नाही. कुठे खरखरीत, उंचवट्यासारखा भाग आहे का ते बोट फिरवून पाहायचं, तिथले तुकडे घ्यायचे, ते मेणात बसवायचे, केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर गुलाबी-जांभळे रंगवायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, अस्तर शाबूत आहे का, पेशी वेड्यावाकड्या झाल्यात का. हा सगळा उपचाराचाच भाग. याचा रिपोर्ट तुम्हाला मिळाला पाहिजे, आणि तो जन्मभर जपायचा.

संशोधनाचा फॉर्म यापुढचा आहे. त्याच काढलेल्या भिंतीतला चण्याएवढा तुकडा फॉर्मालिनमध्ये न टाकता लगेच एका छोट्या कुपीत गोठवायचा, उणे ८० अंशांवर. थोडं पित्त, जे एरवी सक्शनच्या बाटलीत वाहून गेलं असतं, तेही ठेवायचं. फॉर्मालिनमध्ये पेशींचा आकार टिकतो पण आतली जनुकं आणि प्रथिनं बरीच बिघडतात, म्हणून हे गोठवणं. मुलीला यातलं काही टोचत नाहीत, पाजत नाहीत, जास्तीचं कापत नाहीत. फॉर्मवर जास्तीचं रक्त घेण्याचा किंवा वेगळ्या फेऱ्यांचा उल्लेख असेल तर मात्र थांबून विचारा, किती आणि कशासाठी.

एवढ्याशा तुकड्यात त्यांना काय बघायचं असतं? पित्तनलिकेचा आणि पित्ताशयाचा कॅन्सर हे दोन्ही फार कपटी आजार. आपल्या देशात गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारकडे, पित्ताशयाचा कॅन्सर महाराष्ट्रापेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, आणि तिकडचे बहुतेक रुग्ण आजार पसरल्यावरच येतात. तेव्हा तपासायला मिळते ती पूर्ण वाढलेली गाठ. ती कशी सुरू झाली हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही. लहान मुलांची ही पिशवी मात्र कॅन्सरच्या कितीतरी आधीची पायरी दाखवते. अस्तराला सतत इजा, पेशींची घाईघाईने वाढ, आणि दोन नळ्या अशा चुकीच्या जागी जुळलेल्या रुग्णांत कॅन्सर नसलेल्या अस्तरातही कधीकधी केआरएएस नावाच्या जनुकात बदल सापडलेले आहेत. प्रौढांच्या कॅन्सरचं कोडं सोडवायला पाच वर्षांच्या मुलीच्या पोटातला तुकडा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण कारण हे आहे.

नियमही सांगते, आबांसमोर ठेवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुलांवरच्या संशोधनासाठी त्याच वर्षीची वेगळी पुस्तिकाही आहे. कुठलंही संशोधन एथिक्स कमिटीच्या, म्हणजे त्याची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि सदस्यांत कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. माहितीपत्रकावर त्या कमिटीशी संपर्क कसा करायचा हे छापलेलं असतं. संमती आई-वडिलांना कळेल अशा भाषेत घ्यायची असते. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठी मागा, हक्काने मागा. सही केल्यावरही ती मागे घेता येते. संशोधनाच्या तपासण्यांचा खर्च तुमच्या बिलात लावता येत नाही. सात वर्षांवरच्या मुलांना त्यांच्या समजेनुसार विचारून होकार घ्यावा लागतो. तुमची मुलगी पाचच वर्षांची आहे, तेव्हा आता निर्णय तुमचा. ती अठराची झाली आणि तुकडा तोवर वापरात असला तर तिला पुन्हा विचारायला हवं.

माझी मुलगी असती तर मी सही केली असती. पण तीन गोष्टी विचारूनच: तुकडा किती वर्षं ठेवणार आणि दुसऱ्या संस्थेला देणार का, जनुकांची तपासणी करणार असाल तर तिच्या तब्येतीसाठी महत्त्वाचं काही निघालं तर आम्हाला कळवणार का, आणि नावाऐवजी कोड नंबर वापरणार ना? उत्तरं नीट मिळाली नाहीत, किंवा "सही करा, नाहीतर तारीख पुढे जाईल" असा सूर कुणी लावला, तर त्या कागदावर सही करू नका आणि कमिटीला कळवा. चांगल्या विभागात असा सूर लागत नाही.

आणखी एका प्रकारचा फॉर्म पुढे येऊ शकतो, तो ओळखायला शिका. पोट उघडून की दुर्बिणीने, किंवा आतड्याचा कोणता भाग नळीला जोडायचा, यावर अजून वाद चालू आहेत. एक रीत आहे लहान आतड्याचा खालचा फाटा वर आणून जोडण्याची. डिस्चार्ज कार्डावर 'रू-एन-वाय हेपॅटिकोजेजुनोस्टॉमी' असं लांबलचक नाव दिसेल. दुसरी, आतड्याचा पहिलाच भाग, ड्युओडेनम, सरळ जोडण्याची. ती सोपी, पण पित्त जठरात चढून त्रास होण्याची शक्यता जास्त. अशा दोन रीतींची तुलना करायला काही ठिकाणी चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करतात. तसा अभ्यास असेल तर तो वेगळा कागद आहे. त्यात मुलीचा उपचार ठरतो, म्हणून तिथे जास्त वेळ घेऊन विचार करा. मुलांत दुर्बिणीने हे ऑपरेशन १९९० च्या दशकापासून होतंय, टाके लहान राहतात हे खरं. तरी मी छेद किती मोठा यापेक्षा हात कुणाचा, हे आधी बघेन. बालशल्यचिकित्सेतली एम.सीएच. पदवी असलेला आणि ही ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन हवा. वर्षाला अशी किती होतात, हे विचारायला लाजू नका.

व्रणाबद्दल आबांना सांगा, पोटावरची रेघ बघून नकार देणाऱ्या घरी पोरगी द्यायचीच कशाला? आणि त्यांना पुढच्या वेळी सोबत घेऊन जा. घरी बसून ऐकीव गोष्टींवर चिडलेला माणूस सर्जनसमोर बसला की वेगळे प्रश्न विचारतो. "काढली नाही तर पुढे काय?" हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

जाऊबाईंचं ग्रहण सोडून द्या. नळ्यांची ही ठेवण पोटातल्या बाळाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ठरते. विळी, पपई, प्रवास, कशाचाही संबंध नाही.

जाता जाता इतर वाचकांसाठी: तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली आणि शी पांढुरकी, चुन्यासारखी होत असेल तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका. तो पित्तनलिका बंद असण्याचा, बिलिअरी अट्रेसियाचा, आजार असू शकतो. जपानमधल्या सेंदाईचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात त्यावर जे ऑपरेशन शोधलं ते बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झालं तर यशाची शक्यता बरी असते. नंतर ती झपाट्याने घटते.

पुन्हा तुमच्याकडे. भरती होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या हॉस्पिटलमध्ये बसतं का, मंजुरीला कोणते कागद लागतील, हे आधीच विचारून ठेवा. ऐनवेळी रेशनकार्डासाठी निफाडला धावायला लागू नये. साधारण आठवडाभर राहण्याची तयारी ठेवा. डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची नोंद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या, फोटोही काढून ठेवा. पुढे वर्षाला सोनोग्राफी आणि रक्तातली यकृताची तपासणी. ती मोठी झाली, शिकायला किंवा सासरी दुसऱ्या गावी गेली तरी आपलं काय ऑपरेशन झालंय हे तिला स्वतःला तोंडपाठ हवं. पित्ताशय काढलं म्हणून पथ्याचा बाऊ करू नका, मुलं त्याच्याशिवाय व्यवस्थित जेवतात.

आणि तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले, शी पांढरी झाली किंवा पोटदुखी उलट्यांसकट सुरू झाली, तर तारखेची वाट बघू नका. त्याच रात्री घेऊन निघा, एमआरसीपीची फिल्म बरोबर घ्या.